नवी गाडी मनस्ताप देऊ लागली तर काय करायचं, आणि कोणत्या क्रमाने

गाडीच्या तक्रारीचा सल्ला मागायला येणाऱ्यांच्या हातात बहुतेक वेळा वकिलाची नोटीस असते आणि जॉब कार्ड, म्हणजे गाडी वर्कशॉपला देताना तक्रार ज्यावर नोंदवतात तो कागद, नसतं. भांडण झालेलं असतं, फेसबुकवर शोरूमचं नाव घालून लिहून झालेलं असतं, बाहेरच्या गॅरेजमध्ये बॉनेट उघडून झालेलं असतं. फक्त गाडीत नेमका काय दोष आहे आणि तो कितव्यांदा दिसला, याचा एकही कागद नसतो. मग खरा दोष असलेली गाडीसुद्धा गळ्यात राहते.

खाली दिलेला क्रम नव्या, वॉरंटीत असलेल्या खाजगी गाडीसाठी आहे. मी सांगितल्याशिवाय एकही टप्पा ओलांडून पुढे जाऊ नका. पुढच्या प्रत्येक टप्प्याला आधीच्या टप्प्यातले कागद लागतात.

टप्पा १: पश्चात्ताप कशाचा आहे, ते ठरवा

एक कोरा कागद घ्या आणि गाडीबद्दलची प्रत्येक तक्रार वेगळ्या ओळीत लिहा. मग प्रत्येक ओळीपुढे तीनपैकी एक शब्द लिहा: बिघाड, स्वभाव किंवा फसवणूक.

बिघाड म्हणजे जे चालायला हवं ते न चालणं. गाडी धावता धावता बंद पडणं, ब्रेक एका बाजूला ओढणं, गिअर न पडणं, चेक इंजिनचा दिवा पुन्हा पुन्हा लागणं, पावसात केबिनमध्ये पाणी येणं. हे वॉरंटीत बसतं.

स्वभाव म्हणजे गाडी तशीच बनलेली असणं. एएमटी, म्हणजे क्लच न दाबता गिअर आपोआप बदलणारी गाडी, गिअर बदलताना मान पुढे टाकल्यासारखा हलका झोका देते, हा तिच्या रचनेचा भाग आहे. डिझेल गाडीचंही तसंच. बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचा सरकारी निकष) डिझेलच्या धुराच्या वाटेत काजळी अडवणारं फिल्टर असतं, त्याला डीपीएफ म्हणतात. ती काजळी जाळायला गाडी काही वेळ सलग आणि बऱ्या वेगाने चालावी लागते. कोथरूडहून डेक्कनला रोज पाच किलोमीटर सिग्नलवर थांबत जाणाऱ्या माणसाने डिझेल गाडी घेतली, तर डीपीएफचा दिवा लागणारच. अशा वेळी मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे गाडी महामार्गावर चालवून आणायची. एवढं करूनही दिवा गेला नाही किंवा लगेच परत लागला, तर ती ओळ बिघाडाच्या खान्यात जाते.

फसवणूक म्हणजे सांगितलं एक आणि दिलं दुसरं. मागच्या वर्षी बनलेली गाडी चालू वर्षाची म्हणून देणं, टेस्ट ड्राइव्हची गाडी नवी म्हणून देणं, वाहतुकीत ठोकलेला दरवाजा रंगवून देणं. आरसीवर निर्मितीचा महिना आणि वर्ष असतं, ते बिलाशी आणि तुम्हाला तोंडी सांगितलेल्या वर्षाशी ताडून पाहा.

अ‍ॅव्हरेजच्या तक्रारीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे लोक सगळ्यात जास्त चुकतात. डॅशबोर्डवरचा आकडा पुरावा म्हणून धरू नका. एकाच पंपावर, त्याच नोझलने, पहिल्या ऑटो-कटपर्यंत टाकी भरा आणि ट्रिप मीटर शून्य करा. नेहमीसारखी गाडी चालवा, निदान तीनशे किलोमीटर झाल्यावर त्याच पंपावर तशीच टाकी भरा. किलोमीटर भागिले दुसऱ्या वेळी भरलेले लिटर, हे तुमचं अ‍ॅव्हरेज. असं तीनदा करा. जाहिरातीतला आकडा प्रयोगशाळेतल्या ठरलेल्या चाचणीतून येतो, त्यामुळे शहरात त्यापेक्षा कमी मिळणं हा दोष नाही. तुमच्याच गाडीचं अ‍ॅव्हरेज आधी चौदा होतं आणि कारण नसताना दहावर आलं, तर मात्र तो बिघाड असू शकतो.

*सावधान:* कागदावर फक्त 'स्वभाव'च्या ओळी उरल्या, तर टप्पा २ ते ५ तुमच्यासाठी नाहीत. त्या वाटेने वर्ष जाईल आणि हाती काही लागणार नाही. सरळ टप्पा ६ वर जा.

टप्पा २: पंधरा दिवसांची वही

साधी वही गाडीतच ठेवा. प्रत्येक प्रसंगाची नोंद अशी हवी: '१४ जून, ८,४१२ किमी, सकाळी ८:१०, पाऊस, एसी चालू, तिसरा गिअर, चढ. पिकअप गेला, चेक इंजिनचा दिवा लागला. गाडी बाजूला घेऊन बंद-चालू केल्यावर ठीक.'

एवढ्या बारकाव्यानं लिहायचं कारण असं, की येणारा-जाणारा दोष वर्कशॉपमध्ये गेल्यावर दिसत नाही. गरम इंजिनला दिसणारा दोष सकाळच्या थंड इंजिनला सापडत नाही. मेकॅनिकला परिस्थिती सांगितली, तर तो ती पुन्हा उभी करू शकतो. 'मधेच काहीतरी होतं' एवढंच सांगितलं, तर तोही मधेच काहीतरी बघतो.

व्हिडिओ काढताना लागलेला दिवा आणि ओडोमीटरचा आकडा एकाच चौकटीत येऊ द्या, आणि तारीख तोंडाने बोला. व्हिडिओ शेजारी बसलेल्याने काढायचा, चालवणाऱ्याने कधीही नाही. गाडी टो करावी लागली तर रोडसाइड असिस्टन्सचा मेसेज, टोइंगची पावती, त्या दिवशीच्या रिक्षा-टॅक्सीच्या पावत्या जपा. भरपाई मागताना याच पावत्या जोडाव्या लागतात.

*तपासा:* वहीत निदान तीन नोंदी आणि एक व्हिडिओ आहे का? ब्रेक, स्टिअरिंग, इंधनाचा वास किंवा धूर यांपैकी काही असेल, तर पंधरा दिवस थांबू नका. गाडी उभी करा आणि टो करूनच न्या.

टप्पा ३: सर्व्हिस काउंटर

सगळं प्रकरण याच काउंटरवर उभं राहतं किंवा कोसळतं. म्हणून इथे घाई नको. शनिवारी सकाळी, काउंटरवर गर्दी असताना जाऊ नका. मधल्या वारी, अपॉइंटमेंट घेऊन जा.

माझी स्वतःची गाडी साताऱ्याकडे जाताना खंबाटकीच्या चढावर पिकअप सोडायची. मागून ट्रक, गाडीत आई आणि मुलं, आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबूनही गाडी पुढे जात नाही, ही भीती ज्याने अनुभवली त्यालाच कळेल. मी चार वेळा वर्कशॉपमध्ये गेलो, चारही वेळा अ‍ॅडव्हायझरला सगळं तोंडी सांगितलं. शेवटी कंपनीला पत्र लिहिलं, तेव्हा उत्तर आलं की आमच्या नोंदींनुसार आपल्या गाडीबाबत अशी तक्रार आलेली नाही. जुनी जॉब कार्डं काढून पाहिली. चारही कार्डांवर 'जनरल चेकअप, वॉशिंग' असं लिहिलेलं होतं आणि खाली माझी सही होती. पाचव्या वेळी मी माझी वाक्यं शब्दशः लिहून घेतली आणि ट्रायलला शेजारी बसलो. इंधन पंप बदलला गेला. आधीच्या चार फेऱ्यांचा हिशोब मात्र मला कधीच मागता आला नाही.

म्हणून काउंटरवर या क्रमाने जा:

१. चावी देण्याआधी ओडोमीटर, इंधनाचा काटा आणि गाडीच्या चारी बाजूंचे फोटो घ्या.

२. तक्रार आधीच टाइप करून न्या आणि तीच वाक्यं जॉब कार्डावर उतरवायला सांगा. 'पिकअप प्रॉब्लेम' चालणार नाही. 'चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पिकअप जातो, चेक इंजिनचा दिवा लागतो, १ जूनपासून तीन वेळा' असं हवं. सिस्टीममध्ये जागा नाही असं सांगितलं, तर छापील प्रतीवर पेनने लिहा आणि अ‍ॅडव्हायझरची सही घ्या.

३. गाडीच्या संगणकात साठलेले बिघाडाचे कोड पुसण्याआधी स्कॅन करायला सांगा आणि स्कॅनरच्या पडद्याचा फोटो किंवा प्रिंट घ्या. कोड आधी पुसला की त्या बिघाडाचा मागच उरत नाही.

४. फोरमनसोबत ट्रायल घ्या, आणि तुमच्या वहीत लिहिलेल्याच परिस्थितीत. दोष चढावर येत असेल तर सपाट रस्त्यावरची दोन किलोमीटरची ट्रायल मान्य करू नका.

५. गाडी परत घेताना काय तपासलं, काय बदललं, कोणता पार्ट नंबर, हे बिलावर मागा. बिल शून्य रुपयांचं असलं तरी घ्या. 'दोष आढळला नाही' असं त्यांचं म्हणणं असेल, तर तेही लेखी हवं.

६. 'काम समाधानकारक' या ओळीखाली सही करताना हाताने लिहा: 'दोष गेला की नाही, हे वापरून कळवीन.' दोन मिनिटांचं काम आहे.

दोष परत आला तर परत जा, नवं जॉब कार्ड उघडा आणि तक्रार त्याच शब्दांत लिहा. शब्द बदलले की ती कागदोपत्री नवी तक्रार ठरते. गाडी किती दिवस वर्कशॉपमध्ये पडून होती, हेही वहीत मांडत जा.

*सावधान:* या काळात बाहेरच्या गॅरेजमध्ये काहीही उघडू नका. वायर कापून बसवलेले हॉर्न, दिवे, म्युझिक सिस्टीम असतील तर त्या भागाची वॉरंटी नाकारायला कारण मिळतं. ठरलेली सर्व्हिसिंग चुकवू नका. दुसरं मत हवंच असेल, तर त्याच कंपनीच्या दुसऱ्या अधिकृत वर्कशॉपमध्ये जा. तिथलं जॉब कार्ड पहिल्याइतकंच चालतं.

टप्पा ४: लेखी तक्रार, डीलर आणि कंपनी दोघांनाही

तीच तक्रार तिसऱ्या जॉब कार्डावर आली, की तोंडी बोलणं थांबवा. एकच ईमेल डीलरच्या सर्व्हिस मॅनेजरला आणि कंपनीच्या ग्राहक सेवा विभागाला पाठवा. फक्त डीलरशी बोलत राहणं ही मोठी चूक आहे. डीलर आणि उत्पादक हे कायद्याच्या नजरेत दोन वेगळे पक्ष असतात. गोव्यात जुन्या वर्षाची गाडी नवी म्हणून विकल्याचं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २०२१ च्या निकालात न्यायालयाने डीलरच्या कृत्याची उत्पादकाला माहिती होती असं सिद्ध झालं नाही म्हणून उत्पादकाला मोकळं केलं, जबाबदारी डीलरवर राहिली. तेव्हा बनावटीचा दोष असेल तर उत्पादकाकडे, विक्रीतली लबाडी असेल तर डीलरकडे बोट दाखवावं लागतं, आणि दोघांनाही वेळेवर कळवल्याचा कागद तुमच्याकडे हवा.

ईमेल एका पानाचा असावा. गाडीचा नंबर, चॅसिस नंबर, खरेदीची तारीख, जॉब कार्डांचे नंबर आणि तारखा, वर्कशॉपमध्ये गेलेले एकूण दिवस. मग मागणी: दोषाचं लेखी कारण, दुरुस्तीची तारीख, तोवर वापरायला दुसरी गाडी, आणि गाडी पडून राहिली तितक्या दिवसांची वॉरंटी वाढवून. शेवटी पंधरा दिवसांची मुदत. 'तुम्ही चोर आहात' वगैरे एक अक्षरही नको, कारण पुढे हाच ईमेल ग्राहक आयोगासमोर जाणार असतो.

मुदत चालू असताना दोन कामं उरका. पहिलं, तुमच्या चॅसिस नंबरवर रिकॉल आहे का, म्हणजे कंपनीने सदोष भागासाठी त्या गाड्या परत बोलावल्या आहेत का, ते कंपनीच्या संकेतस्थळावर बघा. रिकॉल असेल तर तो भाग फुकट बदलून मिळतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने सक्तीच्या रिकॉलची तरतूद आली आणि त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. ठरलेल्या प्रमाणात तक्रारी जमल्या तर सरकार रिकॉलचा आदेश देऊ शकतं, म्हणून परिवहन खात्याच्या 'वाहन' पोर्टलवर तुमची तक्रारही नोंदवा. दुसरं, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. तिथे मराठीत बोलता येतं. ते हुकूम देऊ शकत नाहीत, पण तक्रार नंबरासह कंपनीकडे पोचते आणि बऱ्याच गाड्यांचं काम इथेच मार्गी लागतं.

टप्पा ५: ग्राहक आयोग

मुदत संपून उत्तर आलं नाही, किंवा गोल गोल आलं, तर नोटीस पाठवा. पोस्टाने, पोचपावतीसह. मग तक्रार. इथले काही मुद्दे लोकांना ठाऊक नसतात.

तक्रार दोष उद्भवल्यापासून दोन वर्षांच्या आत दाखल करावी लागते. 'बघतो, करतो' ऐकत लोक हीच मुदत घालवतात. चालू असलेल्या पत्रव्यवहाराने मुदत आपोआप वाढते, असं धरून चालू नका.

कोणत्या आयोगाकडे जायचं, हे तुम्ही मोजलेल्या किमतीवर ठरतं, मागितलेल्या भरपाईवर नाही. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग. फी अगदी थोडी असते: ५ लाखांपर्यंत काही नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४००, ५० लाखांपर्यंत १,०००. तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. गाडी मुंबईत घेतली आणि तुम्ही लातूरला असाल, तर लातूरला. वकील सक्तीचा नाही, आणि 'ई-जागृती' पोर्टलवर घरबसल्या दाखल करता येते.

गाडी धंद्यासाठी घेतली असेल तर तुम्ही ग्राहक या व्याख्येबाहेर जाऊ शकता. स्वतः चालवून त्यावर पोट भरणारा टॅक्सीचालक मात्र ग्राहकच आहे. तसं तक्रारीत स्पष्ट लिहा.

आता सगळ्यात महत्त्वाचं: मागायचं काय. रागात सगळे 'नवी गाडी द्या' एवढंच लिहितात. २००६ साली एका प्रकरणात, क्लचच्या दोषासाठी अख्खी गाडी बदलून देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला नव्हता. वॉरंटी सदोष भाग दुरुस्त करून किंवा बदलून देण्याची असते, असं तिथे म्हटलं गेलं. म्हणून मागण्या उतरत्या क्रमाने लिहा: गाडी बदलून द्यावी, ते शक्य नसेल तर किंमत व्याजासह परत, तेही नसेल तर अमुक भाग नवा बसवून वाढीव वॉरंटी, आणि या प्रत्येकासोबत पर्यायी प्रवासाचा खर्च, मनस्तापाची भरपाई, तक्रारीचा खर्च. फक्त पहिली मागणी लिहिली आणि ती फेटाळली गेली, तर हाती भोपळा.

बनावटीचा दोष सिद्ध करायला तज्ज्ञाचा अहवाल लागतो. कायद्याप्रमाणे आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे तपासणीसाठी पाठवू शकतो. तसा अर्ज तक्रारीसोबतच द्या, शेवटच्या तारखेपर्यंत थांबू नका. चार-पाच जॉब कार्डांवर एकच वाक्य असेल, तर तज्ज्ञाच्या हातात सुरुवातीचं टोक येतं.

समोरच्या पक्षाला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. ही ४५ दिवसांची मर्यादा ओलांडता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. उत्तर उशिरा आलं, तर आयोगाच्या लक्षात आणून द्या.

*सावधान:* 'गाडी खराब दिली, मग हप्ते कशाला भरू' असं म्हणून हप्ते थांबवू नका. कर्ज बँकेचं आहे, दोष गाडीचा आहे. हप्ता चुकला की दंड लागतो, सिबिल घसरतो आणि गाडी उचलून नेण्याचा हक्क बँकेला मिळतो. तक्रार चालू असताना गाडी परस्पर विकूही नका. गाडी गेली की तपासायला काही उरत नाही.

टप्पा ६: विकायचीच ठरली तर

आधी मनाशी एक हिशोब मांडा, मोजलेल्या पैशांचा नाही, पुढच्या पैशांचा. रोड टॅक्स गेला (महाराष्ट्रात १० लाखांपर्यंतच्या खाजगी पेट्रोल गाडीवर तो ११ टक्के असतो), नोंदणी गेली, अ‍ॅक्सेसरीज गेल्या. विम्याच्या तक्त्याप्रमाणे पहिल्या वर्षाअखेर गाडीची किंमत १५ टक्के, दुसऱ्या वर्षाअखेर २० आणि तिसऱ्या वर्षाअखेर ३० टक्के उतरलेली धरतात. बाजारात प्रत्यक्ष भाव याहून खाली-वर होतो. गाडी फक्त स्वभावाने न जुळणारी असेल, तर आणखी सहा महिने वापरल्याने होणारं नुकसान पहिल्या सहा महिन्यांइतकं नसतं. घाईत पहिल्याच डीलरला देऊन टाकणारे इथे फसतात.

क्रम असा ठेवा. बँकेकडून कर्ज बंद करण्याची लेखी रक्कम घ्या, मुदतपूर्व बंद करण्याच्या शुल्कासकट. मग तीन ठिकाणांहून भाव घ्या. कर्ज फेडल्यावर बँकेचं एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आरसीवरचा बोजा उतरवा. त्यानंतर मालकी बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३०. नोंदणीकृत डीलरला देत असाल, तर फॉर्म २९ सी भरून गाडी ताब्यात दिल्याची सूचना पोर्टलवर गेलीच पाहिजे. नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दल मिळणारी सूट, तुमचा असतो, गाडीचा नसतो. तो टिकवल्याचं पत्र विमा कंपनीकडून घ्या, तीन वर्षांत नव्या गाडीला लावता येतं. फास्टॅग बंद करा.

घेणाऱ्याला दोष लपवू नका. जॉब कार्डांची फाइल त्याच्या हातात द्या. चढावर पिकअप जाणारी गाडी दुसऱ्याच्या कुटुंबालाही त्याच चढावर घेऊन जाते.

*शेवटची तपासणी:* पैसे मिळाले, चावी दिली, म्हणजे विक्री झाली असं समजू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं आहे की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तो मालक, आणि अपघाताची जबाबदारीही त्याचीच. डिलिव्हरी नोट, घेणाऱ्याचं ओळखपत्र, तारीख-वेळ लिहिलेली सही जपा. नंतर दर आठवड्याला एम-परिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकून मालकाचं नाव बदललं का ते बघा, आणि बदललेल्या नावाचा स्क्रीनशॉट त्याच फाइलमध्ये लावा.